कामतघरची तर्री

कामतघरात कोलेस्टेरॉल हे बराच काळ शेठ लोकांचं दुखणं मानलं जाई. गादीवर बसून तागे मोजणारा, तुपातलं खाणारा माणूस छातीला हात लावील; मागावर बारा तास उभं राहणाऱ्याला ते कुठून होणार, असं कारागीर स्वतःच म्हणत. माझं औषधांचं दुकान वऱ्हाळादेवी तलावाच्या जवळ आहे. तिथल्या काउंटरमागून मी वर्षानुवर्षं जे पाहत आलोय ते या समजुतीच्या अगदी उलट आहे. कष्टकऱ्याच्या ताटात जे पडत होतं ते शेठच्या तुपाहून वाईट होतं, आणि ते तिथे कसं पोचलं याला इतिहास आहे.

भिवंडीचं विणकाम जुनं. 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग टाकले, 1930 च्या दशकात यंत्रमाग आले, तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं येऊन पद्मनगर-कामतघर भागात स्थिरावली. आमचं कुटुंब मात्र इथे आलं ते संपामुळे. 18 जानेवारी 1982 पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्यांचं काम भिवंडीच्या मागांवर आलं आणि कामामागून माणसंही आली. आमचे आप्पा परळच्या गिरणीतले. ते कामतघरच्या एका गाळ्यात मुकादम म्हणून लागले आणि आईने घरात बिशी काढली.

गिरणगावात जी खाणावळ, तीच इथली बिशी. एखाद्या घरातली चूल, कुटुंब गावी ठेवून एकटे राहणारे कारागीर, दोन वेळचं जेवण आणि पगार झाला की हिशेब. दिवसपाळीचे जेवून उठले की रातपाळीचे बसत. आमच्याकडे उत्तर प्रदेशचे, बिहारचे, तेलंगणाचे आणि आपल्या कोकणातलेही होते. त्यांच्या आवडी वेगळ्या, भाषा वेगळ्या. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, ते म्हणजे रश्श्यावर तर्री दिसली पाहिजे. ज्या बिशीत तर्री पातळ, तिथून माणसं उठून शेजारच्या बिशीत जात. मटण परवडत नव्हतं, दूध-दुभतं परवडत नव्हतं. तेव्हा पोटभर जेवल्याचं समाधान तेलानेच द्यायचं होतं. आईसारख्या बायकांनी हौसेने तेल ओतलं नाही. ठरलेल्या पैशात ताट भरलेलं दिसावं याचा तो एकमेव मार्ग होता.

हे तेल कुठलं? आगरी-कोळी घरांत आणि आमच्या कोकणात ताटात तेल फारसं नसेच. भाकरी, सुकट, कढी, ओलं खोबरं, कधी तरी घाण्याचं तिळाचं तेल. 1980 च्या दशकात रेशनवर पामतेल आलं. थंडीत ते डब्यात पांढरं थिजू लागे. पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते, म्हणजे एलडीएल, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, वाढवणारी. त्याच्या जोडीला डालडा. 1937 साली बाजारात आलेला, माडाच्या चित्राचा तो पिवळा डबा साजूक तूप न परवडणाऱ्या सगळ्या घरांत शिरला. वनस्पती तुपात कोलेस्टेरॉल नसतंच, कारण ते प्राण्यापासून आलेलं नसतं. पण द्रव तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं. ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं, हे 1990 साली नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटन यांनी दाखवून दिलं. तोवर आपल्याकडच्या दोन पिढ्यांची लग्नाची बुंदी, सणाच्या करंज्या आणि सकाळच्या चहाबरोबरची खारी यातच झाली होती. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेलातुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली ती जानेवारी 2022 मध्ये. ही दिरंगाई मला अजून बोचते. ज्यांना साजूक तूप परवडत नव्हतं त्यांच्या रक्तवाहिन्यांनी तिची किंमत मोजली.

कष्टाने सगळं जिरतं, हे कारागिरांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नव्हतं. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी 1953 साली दाखवलं होतं की दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. मुंबईत पश्चिम रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी 1960 च्या दशकात देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांची आकडेवारी तपासली. तूप-दूध भरपूर खाणाऱ्या पंजाबी कर्मचाऱ्यांपेक्षा दक्षिणेकडच्या कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कित्येक पट अधिक निघाले. म्हणजे नुसतं किती चरबी खाल्ली यावर गणित सुटत नाही. कोणती खाल्ली, तिच्याबरोबर काय खाल्लं, किती हालचाल केली, हेही पाहावं लागतं. आमचा कारागीर मागांमधून चालायचा खरा. पण त्याच्या गालात तंबाखू होती, बोटांत बिडी होती आणि रातपाळीनंतर पत्र्याच्या खोलीत त्याला दिवसा धड झोप नव्हती.

आप्पांना 1993 साली झटका आला. त्या वेळी मिळायचे ते उपचार मिळाले: अॅस्पिरिन, जिभेखालची गोळी, रक्तदाबाचं औषध, आणि पथ्याचा कागद. अंडं बंद, खोबरं बंद, तूप बंद. कोलेस्टेरॉल मोजून ते औषधाने उतरवायचं, ही गोष्ट तेव्हा आमच्यापर्यंत पोचली नव्हती. पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, उत्तर युरोपातल्या 4,444 हृदयरुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिम्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी घेणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू 30 टक्क्यांनी कमी झाले होते. या गोळ्यांनी माणूस जास्त जगतो का, या शंकेला मिळालेलं ते पहिलं ठाम उत्तर.

या औषधाच्या मुळाशी तांदळावरची बुरशी आहे. तोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंदो यांनी सुमारे 6,000 बुरशी तपासल्या आणि 1973 साली, क्योतोतल्या तांदळात सापडलेल्या पेनिसिलियम सिट्रिनममध्ये त्यांना हवं ते मिळालं. यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं. त्यातली एक महत्त्वाची पायरी या बुरशीतला पदार्थ रोखतो. कमी पडलेलं कोलेस्टेरॉल यकृत मग रक्तातून ओढून घेतं आणि एलडीएल उतरतं. 1987 मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला परवानगी मिळाली, दहाएक वर्षांनी अॅटोर्व्हास्टॅटिन आलं.

ते कामतघरला स्वस्तात मिळालं याचं श्रेय 1970 च्या आपल्या पेटंट कायद्याला आहे. या कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट देणं थांबवलं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. त्यामुळे अमेरिकेत लिपिटॉर या नावाने विकल्या जाणाऱ्या अॅटोर्व्हास्टॅटिनची स्वस्त प्रत 2011 च्या अखेरीस आली, तर आपल्या कंपन्यांचं अॅटोर्व्हास्टॅटिन त्याच्या दशकभर आधीपासून माझ्या फडताळात होतं. पुढे ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत गेलं, किमतीवर मर्यादा आली, जनऔषधी दुकानांत ते आणखी स्वस्त झालं. श्रीमंतांचा म्हटला गेलेला आजार आणि गरिबाला परवडणारं औषध, असा योग जगात फार ठिकाणी जुळून आला नाही.

मधल्या काळात गुग्गुळाचंही मोठं नाव होतं. 1966 साली बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून त्यावर संशोधन केलं, लखनौच्या एका संशोधन संस्थेने त्याचं औषध तयार केलं. मीही ते विकलं. 2003 मध्ये अमेरिकेत झालेल्या काटेकोर चाचणीत एलडीएल उतरण्याऐवजी थोडं वाढलं. आपल्या ग्रंथांतून सुरू झालेल्या शोधाला चाचणीत यश आलं नाही याचं वाईट वाटतं. पण चाचणीचा निकाल मानलाच पाहिजे.

आता मागांचे गाळे बंद पडताहेत. भंगारात विकलेल्या मागांच्या जागी गोदामं आली, मुलं मोटारसायकलवरून पार्सलं पोचवतात, त्यांचं चालणं संपलं. वडापाव आणि चायनीज मात्र वाढलं. आणि गोळी खिशाला परवडत असूनही टिकत नाही. तीन महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल आला की माणूस गोळी सोडतो. "आता बरा झालो ना, दादा?" असं विचारतो. मी त्याला सांगतो की गोळी चालू आहे म्हणूनच रिपोर्ट नॉर्मल आहे. सोडली की काही आठवड्यांत आकडा पूर्वीच्या जागी जाईल. अंग फार दुखत असेल तर डॉक्टरांकडे जा, ते मात्रा कमी करतील, गोळी बदलून देतील. आपल्या मनाने बंद करू नकोस. घरात सूनबाईला दिवस राहिले असतील, राहण्याची शक्यता असेल, तर तुझ्या गोळ्या तिला देऊ नकोस.

तेलाचंही तितक्याच कळकळीने सांगतो. माणशी महिन्याला अर्धा लिटर, यात घरचं सगळं बसवायचं. एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवायचं नाही. डाळ, पालेभाजी, ज्वारी-नाचणीची भाकरी, मूठभर शेंगदाणे, तंबाखू बंद, रोज अर्धा तास भराभर चालणं. याने एलडीएल साधारण 10 ते 15 टक्के उतरतं. गोळीने मात्रेनुसार 30 ते 50 टक्के. ज्याला झटका येऊन गेला त्याला नुसत्या पथ्यावर ठेवणं धोक्याचं, आणि गोळी घेतो म्हणून तर्री चालू ठेवणंही खोटं. आमच्या गल्लीत अजून दोन बिश्या आहेत. त्यातल्या एका बिशीच्या मावशींनी रश्श्यात भाजलेल्या खोबऱ्या-तिळाऐवजी डाळ वाटून दाटपणा आणला आणि वरचं तेल निम्म्यावर नेलं. सुरुवातीला चार जण कुरकुरले, पण बिशी सोडून कुणी गेलं नाही.

माझी मोठी काळजी तरुण मुलांची आहे. काही घराण्यांत वाढलेलं कोलेस्टेरॉल वारशानेच येतं. जेवण साधं असलं, अंग सडपातळ असलं तरी. बाप पंचेचाळिशीत छातीच्या दुखण्याने गेला असेल तर मुलाने चाळिशीची वाट पाहायची नाही. विशीतच एकदा लिपिड प्रोफाइल करून घ्यायचं, भावाबहिणींचंही. आप्पांच्या नंतर आम्ही तिघा भावंडांनी तपासून घेतलं, दोघांचं वाढलेलं निघालं. आम्ही दोघंही तेव्हापासून रोज गोळी घेतो.