माजघर आणि चूल

आमच्या धाटावात पूर्वी घर म्हणजे माजघर आणि माजघर म्हणजे चूल. ओटी पाहुण्याला, पडवी अवजारांना; घरची माणसं जन्मायची, जेवायची, निजायची ती माजघरात. विलायतेत भिंतीत शेकोटी असते, तिच्यावर धुराडं असतं. आमच्या घराला धुराडं नव्हतंच. धूर वाशांतून फिरायचा आणि नळीच्या कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा.

शहरातले सोयरे विचारतात, कोकणात थंडी ती केवढी, मग घराच्या पोटात आग कशाला? ती आग थंडीसाठी नव्हती, ओलीसाठी होती. रोह्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. चुलीवरच्या माळ्यावर भाताचं बियाणं, वाल, सुकी मासळी असायची. भिजलेलं घोंगडं तिथंच वाळायचं. त्या धुरात किडा टिकत नसे.

चुलीवरून कुटुंबही मोजलं जायचं. जनगणनेत आजही एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब धरतात. आमच्या वडिलांची नि चुलत्यांची चूल वेगळी झाली ती १९८१ साली. कुलाब्याचं नाव रायगड झालं तेच वर्ष. जमीन वाटली, भांडी वाटली आणि माजघराच्या मधोमध आढ्यापर्यंत विटांची भिंत घातली. चुलतभाऊ एमआयडीसीत कामाला लागला होता, त्यांच्या बाजूला लवकरच गॅस आला. आमच्याकडे लाकडंच राहिली.

पुढं ते लोक शहरात गेले. गेल्या उन्हाळ्यात दोघांच्या संमतीनं ती भिंत काढायची नि माजघर दुरुस्त करायचं ठरलं. कौलं उतरल्यावर सुतार म्हणाला, "हे एकाच घराचे वासे वाटत नाहीत." आमच्या बाजूचे ऐनाचे वासे डांबरासारखे काळे, पण ठोकले की खणखणीत. पलीकडचे दिसायला स्वच्छ, आणि आतून वाळवीनं भुसा केलेले. पाऊस दोन्हीकडं तोच, लाकूडही एकाच वेळी तोडलेलं. फरक धुराचा, आणि बंद घराला वारा नव्हता त्याचा.

म्हणून धूर चांगला, असं मात्र मी लिहिणार नाही. आई शेवटची दहा वर्षं रात्र रात्र खोकायची. तिनं विडीला कधी हात लावला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२० साली जगात ३२ लाख माणसं घरातल्या धुरानं गेली. वासे टिकले ते बायांच्या छातीवर, हे वाडवडिलांच्या घराचं कौतुक करताना आपण सांगत नाही.

सरकारला हे कळलं नव्हतं असं नाही. १९८० नंतर निर्धूर चुलींचा कार्यक्रम देशभर निघाला, २०१६ साली उज्ज्वला योजना आली. पण चूल गेली की तिची बाकीची कामं कोण करणार, हे घरानंच बघायचं असतं.

आम्ही असं केलं. रोजचा स्वयंपाक गॅसवर. चूल मागच्या पडवीत नेली, तिला वर पाइप काढला. भाकरी नि अंघोळीचं पाणी तिथं. काळे वासे घासले नाहीत, नुसते झाडून घेतले. नव्या वाशांना काजूच्या टरफलांचं तेल दिलं. ते दर दोन वर्षांनी द्यायचं. वारा खेळावा म्हणून समोरासमोर झरोके ठेवले, उजेडाला काचेची चार कौलं बसवली. बियाणं आता पत्र्याच्या पिंपात असतं.

जुनं घर नीट करणाऱ्यानं एखादी वस्तू काढण्याआधी ती काय काय काम करत होती, ते घरातल्या बायकांना विचारावं. गवंड्याला त्यानंतर बोलवावं.