आफ्रिकी हत्तीला माज येतो का?

मदोन्मत्त हत्ती आपल्याकडे संस्कृत ग्रंथांपासून ओळखीचा. आफ्रिकी हत्तीला मात्र माज येतच नाही, असं बरीच वर्षं धरून चालले होते. तिथे माद्यांच्याही गंडस्थळातून स्राव येतो, मग तो माजाचा कसा?

1970च्या दशकात केनियातल्या अंबोसेलीत जॉइस पूल आणि सिंथिया मॉस यांना काही नर सतत थेंब थेंब लघवी गाळताना दिसले. आधी वाटलं, रोगच असणार. पण प्रत्येक नर कानावरून, सुळ्यांवरून ओळखून नोंदी ठेवलेल्या (कंटाळवाणं काम, पीएचडीवाल्यांना विचारा!). त्यातून दिसलं, की तोच नर बरा होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसाच. 1981मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला: हा माजच. पुढे पूल यांनी लघवीतलं टेस्टोस्टेरॉन मोजलं; माजात ते वाढलेलं निघालं.

म्हणजे नराचा स्वभाव नुसता हार्मोनवर? तसंही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्गमध्ये मोठ्यांविना वाढलेल्या तरुण नरांना लवकर माज यायचा, ते गेंडे मारायचे. 1998मध्ये सहा वयस्क नर आणून सोडले, आणि पोरांचा माज उतरला.