बुलपप रायफल: 36 सेंटिमीटरची किंमत

बुलपप म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगते. नेहमीच्या रायफलीत मॅगझिन आणि काडतूस उडवणारी यंत्रणा चापाच्या पुढे असते, मागचा दस्ता मुख्यतः खांद्याला टेकवायला. बुलपपमध्ये हीच यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्यात बसवतात. नळी तेवढीच राहते, बंदूक मात्र आखूड होते. दिसायला विचित्र, आणि बहुतेकदा महाग. मग एवढे पैसे मोजावेत का? ब्रिटनच्या एसए80 रायफलीचा हिशोब मांडला तर या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं.

ब्रिटनला ही कल्पना जुनीच. एन्फिल्डच्या सरकारी कारखान्याने ईएम-2 नावाची बुलपप बनवली होती आणि 1951 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने ती स्वीकारलीही होती. त्याच वर्षी चर्चिल पुन्हा सत्तेवर आले आणि नाटो देशांचं काडतूस एकच असावं म्हणून ती बाजूला ठेवली गेली. तिच्याऐवजी बेल्जियमच्या एफएएलवर आधारलेली एसएलआर आली. तिचीच भारतीय आवृत्ती आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात बनायची. घरात कुणी जुने फौजी असतील तर तिच्या लांबीबद्दल आणि वजनाबद्दल त्यांना विचारून बघा!

एसएलआरची लांबी सुमारे 114 सेंटिमीटर. 1970 च्या दशकात ब्रिटिश सैनिक चिलखती गाड्यांत दाटीवाटीने बसून जायचे. त्या डब्यातून एवढी बंदूक घेऊन पटकन उतरणं किती अवघड, ते ठाण्याला लोकलमधून छत्री घेऊन उतरणाऱ्याला सांगायला नको. नळी कापून टाकावी तर वेगळी अडचण. काडतुसातला वायू गोळीला नळी संपेपर्यंत ढकलत असतो, त्यामुळे नळी आखूड केली की वेग घटतो. 1985 मध्ये सैन्यात आलेल्या एसए80 ने हा पेच सोडवला. नळी सुमारे 52 सेंटिमीटर, म्हणजे एसएलआरच्या जवळपास तेवढीच. एकूण लांबी मात्र 78.5 सेंटिमीटर. थेट 36 सेंटिमीटरची बचत! शिवाय पायदळाच्या रायफलीवर चारपट मोठं दाखवणारी दुर्बीणही होती. कागदावर सौदा उत्तमच होता.

प्रत्यक्षात काय झालं? आतली यंत्रणा अमेरिकन एआर-18 वरून घेतलेली होती. ती तिच्या मूळ रायफलीत चापाच्या पुढे नीट चालत होती, इथे तिला मागे नेलं. मॅगझिन सोडण्याचं बटण अंगाला घासून दाबलं जायचं आणि चालता चालता मॅगझिन गळून पडायचं. डास पळवण्याचं औषध लागलं की प्लॅस्टिक खराब व्हायचं. 1991 च्या आखाती युद्धात वाळूने रायफली अडकल्या. रिकामी पुंगळी उजवीकडे, गालाच्या अगदी जवळून बाहेर पडते, त्यामुळे ही रायफल डाव्या खांद्यावरून चालवता येत नाही. डावखुऱ्या सैनिकालाही ती उजवीकडूनच धरावी लागते. भिंतीच्या डाव्या कोपऱ्याआडून गोळी झाडायची तर उजव्या हाताच्या सैनिकालाही अर्धं अंग उघडं टाकावं लागतं. माझ्या मते सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती कुठल्याच बिलात दिसत नाही.

बिलात दिसली ती दुरुस्ती. 2000 नंतर सुमारे 2 लाख रायफली हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीकडून सुधारून घेतल्या गेल्या, खर्च 9 कोटी 20 लाख पौंड. म्हणजे आधीच विकत घेतलेल्या प्रत्येक रायफलीमागे आणखी 460 पौंड. सुधारलेली ए2 चांगली निघाली, हे मान्य करायलाच हवं. पण बुलपप म्हणजे अशीच रडकथा, असंही नाही. ऑस्ट्रियाने 1977 मध्ये घेतलेल्या स्टायर ऑगमध्ये डावखुऱ्यांसाठी बोल्ट बदलायची सोय पहिल्यापासून होती. ऑस्ट्रियाने ती आजही सोडलेली नाही, ऑस्ट्रेलियानेही तिचीच सुधारित आवृत्ती ठेवली आहे.

आता जरा गणित करू. 36 सेंटिमीटरची बचत आपण एसएलआर शेजारी ठेवून काढली. पण 1994 मध्ये अमेरिकेने एम4 स्वीकारली. साधीच रचना, नळी सुमारे 37 सेंटिमीटर, दस्ता मागेपुढे सरकणारा. दस्ता पूर्ण उघडला तर लांबी 84 सेंटिमीटर, मिटला तर 76. एसए80 च्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे 940 मीटर, एम4 चा सुमारे 900. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून फरक साधारण 8 टक्के. ही गोळी पहिल्या 100 मीटरमध्येच सेकंदाला 90 ते 100 मीटर वेग गमावते. म्हणजे लांब नळीने मिळालेला फायदा म्हणजे शत्रू 40-45 मीटर जवळ आला असता तर जेवढा झाला असता, तेवढाच. त्याबदल्यात एसए80 दुर्बिणीशिवायही एम4 पेक्षा पाऊण किलोहून जास्त जड.

रायफल तीच, पण शेजारी काय ठेवलं यावर सौद्याचं उत्तर पालटलं. 1976 मध्ये हिशोब करणाऱ्या अभियंत्याला मी मूर्ख म्हणणार नाही, त्याच्यासमोर एसएलआर होती. पुढे न्यूझीलंडने ऑग सोडली, फ्रान्सने 2016 मध्ये आपल्या फामासच्या जागी साध्या रचनेची एचके416 निवडली. चीननेही बुलपपकडे पाठ फिरवली.

आपल्याकडेही 2002 मध्ये विशेष दलांसाठी इस्रायलच्या टावोर या बुलपपचा करार झाला. 3,070 रायफली, सुमारे 88 कोटी रुपये. भागाकार केला तर एका रायफलीमागे पावणेतीन लाखांहून जास्त. निवडक तुकड्यांना, जिथे दारातून आणि जिन्यातून आत शिरायचं असतं, तिथे प्रत्येक सेंटिमीटर मोलाचा असल्याने हा खर्च मला पटतो. पायदळासाठी हजारोंनी घ्यायची वेळ आली तेव्हा 2019 मध्ये भारताने 72,400 सिग 716 घेतल्या. त्या साध्या रचनेच्या आहेत.

आणि ब्रिटन? 2023 मध्ये तिथे रेंजर रेजिमेंट आणि रॉयल मरीन्ससाठी नवीन रायफल निवडली गेली, तीही एम4 च्याच घराण्यातली. पहिल्या 1,620 संचांना दीड कोटी पौंड, म्हणजे एका संचाला 9,000 पौंडांहून जास्त. मात्र त्या संचात नुसती रायफल नाही, आवाज दाबणारं नळकांडं आणि महागडी दुर्बीणही आहे.