उबवणुकीची अंडी लांबच्या गावी पाठवताना : उष्णता आणि हादरे टाळा

खाण्याचे अंडे न फुटता पोहोचले की काम झाले. उबवणुकीच्या अंड्याचे तसे नाही. वरून अखंड, स्वच्छ दिसणारे अंडे आतून मेलेले असू शकते, आणि ते कळते २१ दिवसांनी. तोपर्यंत घेणाऱ्याचे पैसे, यंत्राची वीज आणि तीन आठवडे गेलेले असतात. म्हणून गावरान, असील किंवा कडकनाथची फलित अंडी एसटी, ट्रॅव्हल्स, कुरिअर किंवा टपालाने पाठवणाऱ्याने फुटीइतकाच विचार उष्णतेचा आणि हादऱ्यांचा करावा. सोलापूरसारख्या उष्ण जिल्ह्यात तर उष्णतेचा आधी.

प्रवासात अंड्याच्या आत काय होते

कोंबडीने अंडे घातले तेव्हाच गर्भाची वाढ सुरू झालेली असते. अंडे सुमारे २१ अंश सेल्सिअसच्या खाली थंड झाले की ही वाढ थांबते आणि गर्भ जणू झोपून राहतो. उबवण यंत्रात ३७.५ अंशांच्या आसपास तो पुन्हा वाढू लागतो. धोका या दोन्हींच्या मधल्या तापमानात आहे. २७-३० अंशांत पडून राहिलेल्या अंड्यात वाढ धड थांबत नाही, धड नीट होत नाही. गर्भ अशक्त होतो आणि पुढे पहिल्या काही दिवसांत मरतो. सोलापुरात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि रात्रीचेही २५ अंशांच्या आसपास राहते. उन्हात उभ्या बसच्या डिकीत किती होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

हादऱ्यांचे नुकसान वेगळे. अंड्याच्या रुंद टोकाला दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवेची पोकळी असते. पिल्लू बाहेर येण्याआधी पहिला श्वास याच पोकळीतून घेते. सततच्या आपटण्याने आतला पापुद्रा सुटतो आणि हवेचा बुडबुडा अंडेभर फिरू लागतो. बलक मध्यभागी धरून ठेवणारे पिळदार धागेही सैल होतात. कवचाला मात्र चरासुद्धा गेलेला नसतो.

कोणती अंडी पाठवावीत

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक तरुण, निरोगी नर असलेल्या कळपातील अंडी घ्या. दिवसातून तीन-चार वेळा गोळा करा, उन्हाळ्यात त्याहून अधिक. मध्यम आकाराची, गुळगुळीत कवचाची अंडी निवडा. फार लांबट, गोल, पातळ किंवा खरबरीत कवचाची काढून टाका. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टेकवून आवाज ऐका. फुटका आवाज आला तर बारीक तडा आहे.

विष्ठेने माखलेले अंडे धुऊन पाठवू नका, ते घरी खायला ठेवा. कवचावर नैसर्गिक संरक्षक थर असतो. धुतल्याने तो जातो आणि कवचाच्या हजारो छिद्रांतून जंतू आत शिरतात.

साठवण १५ ते १८ अंशांत, टोकदार बाजू खाली. घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नये, तो यासाठी फार थंड असतो. ओल्या वाळूवर ठेवलेले मडके, तोंडाला ओले फडके, ही जुनी पद्धत आपल्या कोरड्या हवेत हिवाळ्यात चांगली चालते. एप्रिल-मेमध्ये तिच्याने १८ अंश गाठणे होत नाही. प्रवासाचे दिवस धरून अंडे यंत्रात जाईपर्यंत सात दिवसांपेक्षा जुने होऊ नये. म्हणजे दोन दिवसांचा प्रवास असेल तर चार दिवसांपेक्षा जुनी अंडी खोक्यात घालूच नका.

एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी. वनराजा, ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या संकरित जाती आहेत. घरच्या कळपातील त्यांची अंडी उबवून मिळालेल्या पिल्लांत तेच गुण उतरत नाहीत. अशी अंडी ‘वनराजाची’ म्हणून विकणे म्हणजे घेणाऱ्याची फसवणूक आहे.

पॅकिंग

नेहमीचा तीस अंड्यांचा कागदी ट्रे ५५-६० ग्रॅमच्या अंड्यांसाठी बनलेला असतो. गावरान अंडे बहुधा त्याहून लहान. ते खळग्यात सैल बसते आणि प्रवासभर डुलत राहते. यावर उपाय आपल्या जिल्ह्यात हाताशी आहे. डाळिंब, पेरूला घालतात ती फोमची जाळी अर्धी कापून प्रत्येक अंड्यावर चढवा. तिच्यातून हवा खेळते, अंडे घट्ट बसते. जाळी नसेल तर पातळ कागदाचा एक वेढा पुरतो. टोकदार बाजू खाली, हा नियम इथेही मोडू नका.

मग खोक्यात खोका. अंडी ठेवलेला आतला खोका लहान. बाहेरचा खोका चारही बाजूंनी, खाली आणि वर किमान पाच सेंटिमीटर मोठा. मधली जागा कागदी कात्रण, कोरडे भाताचे तूस किंवा टॉवेलच्या कारखान्यातील सुताच्या गुंत्याने दाबून भरा. ओलसर भुसा किंवा जुने गवत नको, त्यात बुरशी असते. डाळिंबाची पन्हळी पुठ्ठ्याची पेटी बाहेरच्या खोक्यासाठी चांगली: मजबूत असते, बाजूला हवेची छिद्रे असतात. मात्र पेटी नवी घ्या. कोंबड्यांच्या शेडमध्ये पडलेली जुनी पेटी किंवा वापरलेला ट्रे यांबरोबर रोग प्रवास करतात. अंडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. आत दमट होते. बर्फाची पिशवीही नको. थंड कवचावर घाम सुटतो आणि ओल्या कवचातून जंतू सहज आत जातात.

बंद खोका कानाजवळ धरून हलवा. आत काही सरकल्याचे जाणवले तर पुन्हा उघडून भरा. पहिल्यांदा पाठवत असाल तर आधी खाण्याची अंडी अशीच बांधा, खोका कमरेच्या उंचीवरून दोनदा फरशीवर सोडा आणि उघडून पाहा. डझनभर अंड्यांच्या खर्चात पॅकिंगची खरी परीक्षा होते.

खोक्यावर ठळक लिहा: ‘उबवणुकीची अंडी. नाजूक. ही बाजू वर. उन्हात ठेवू नये.’ हैदराबादकडे जाणार असेल तर हेच हिंदीत आणि इंग्रजीतही लिहा.

कधी आणि कशाने

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा योग्य काळ. मार्च ते मे या महिन्यांत लांबच्या मागण्या घेऊच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. हिवाळ्यातही रात्रीची गाडी निवडा. थेट जाणारे वाहन नेहमी चांगले, कारण प्रत्येक बदलीत खोका एकदा तरी आपटला जातो. पुण्याला रात्रीच्या बसने दिलेला खोका सकाळी मिळतो. टपाल किंवा कुरिअर स्वस्त पडले तरी मध्ये छाननी केंद्र येते. टपालाने पाठवताना आत अंडी असल्याचे खिडकीवर सांगा आणि स्वीकारतात का ते विचारूनच बांधा. शनिवारी पाठवू नका. पार्सल रविवारभर पडून राहील.

घेणाऱ्याने काय करावे

खोका उघडून अंडी टोकदार बाजू खाली करून १२ ते २४ तास थंड, शांत जागी ठेवावीत. लगेच यंत्रात घालू नयेत. अंधारात टॉर्चवर धरून पाहावे. बुडबुडा फिरताना दिसला तर ते अंडे आडवे न ठेवता ट्रेमध्ये उभेच उबवावे. सुटलेली काही अंडी विसाव्यानंतर सावरतात. घरच्या खुडूक कोंबडीखाली निघतात तितकी पिल्ले प्रवास केलेल्या अंड्यांतून निघतील, अशी अपेक्षा मात्र धरू नये.

पिल्ले निघाली नाहीत तर दोष कोणाचा

भांडण इथेच होते. विकणाऱ्याने त्याच दिवशीची सहा अंडी खुणा करून स्वतःच्या खुडूक कोंबडीखाली बसवावीत. घेणाऱ्याने सातव्या दिवशी टॉर्चने तपासणी करावी आणि वाढ न दिसणारी अंडी ताटलीत फोडून पाहावीत. बलकावर रक्ताचे कडे दिसले तर अंडे फलित होते, गर्भ नंतर मेला: साठवण, उष्णता किंवा यंत्राचे तापमान तपासा. काहीच खूण नसलेली अंडी जास्त असतील आणि विकणाऱ्याकडची सहाही तशीच निघाली, तर दोष कळपातील नराकडे जातो. सहांतून पाच पिल्ले निघाली आणि पार्सलमधून एकही नाही, तर नुकसान वाटेत किंवा यंत्रात झाले. फोडलेल्या अंड्यांचे फोटो दोघांनी ठेवावेत.

रोगाची साथ असताना

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्याचे निष्पन्न झाले. अशा वेळी बाधित गाव आणि सभोवतालच्या क्षेत्रातून अंडी व पक्ष्यांच्या वाहतुकीवर प्रशासन निर्बंध घालते, त्यात उबवणुकीची अंडीही येतात. साथीची बातमी असेल तेव्हा पाठवण्याआधी आणि मागवण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. एरवीही पुलोरमसारखा रोग आजारी कोंबडीकडून थेट अंड्यातून पिल्लात उतरतो, म्हणून बाहेरून आणलेल्या अंड्यांची पिल्ले पहिले काही आठवडे जुन्या कळपापासून वेगळी वाढवा.