यंत्र थांबतें तेव्हां



इ. स. १९०९ च्या जुलैंत ब्लेरिओनें विमानांतून इंग्लिश खाडी ओलांडली आणि मनुष्यानें अंतरावर विजय मिळविला, असें जो तो म्हणूं लागला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत 'ऑक्सफर्ड अँड केंब्रिज रिव्ह्यू' या नियतकालिकांत एक गोष्ट प्रसिद्ध झाली. लेखक ई. एम. फॉर्स्टर, वय वर्षें तीस. गोष्टीचें नांव 'द मशीन स्टॉप्स', म्हणजे 'यंत्र थांबतें'. रेडिओचें नियमित प्रक्षेपण तेव्हां सुरू व्हावयाचें होतें. एच. जी. वेल्सनें आरंभीं रंगविलेल्या एका स्वर्गाला हें आपलें प्रत्युत्तर आहे, असें फॉर्स्टरनें पुढें स्वतःच सांगितलें.

गोष्टींतील मनुष्यजात भूगर्भांत राहते. पोळ्यांतील घरासारखी षट्कोनी खोली, तींत एक आरामखुर्ची आणि भोंवतीं बटणेंच बटणें: अन्नाचें, वस्त्रांचें, स्नानाचें, संगीताचें. अशा एका खोलींत वाश्ती नांवाची बाई आहे. तिच्या ओळखीचीं माणसें हजारों, पण त्यांतील कोणास भेटण्याचें कारणच पडत नाहीं. मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास राहतो. निळसर तबकडींत त्याचें रूप उमटतें आणि बोलणें होतें. एके दिवशीं तो म्हणतो, तूं प्रत्यक्ष ये. आईला हें विचित्र वाटतें. तबकडींत चेहरा दिसतो. त्यावरील बारीक भाव मात्र उमटत नाहींत. पण तिची तक्रार नाहीं. तेवढ्यानें भागतें.

या 'भागतें' शब्दांतच फॉर्स्टरचा सारा इशारा आहे, असें मला वाटतें. मुलगा परदेशीं आणि आईबाप पुण्यास, अशा घरांतून आज दर रविवारीं पडद्यावर मुखदर्शन होतें. तें सुख खोटें नव्हे. तें नसतें तर काय, हें त्या आईबापांना विचारावें. परंतु पलीकडच्या गल्लींतील मित्राशींही आपण पडद्यावरूनच बोलूं लागलों, तेव्हां कोणतें अंतर जिंकलें?

अखेर वाश्ती हवाई जहाजानें निघते. वाटेंत खालीं हिमालय लागतो. पर्वताच्या भेगांतील तें पांढरें काय, असें ती विचारते. सेविकेला बर्फाचें नांवच आठवत नाहीं. वाश्ती पडदा ओढावयास लावते, कारण तिला त्या दृश्यापासून एकही 'कल्पना' सुचत नाहीं. ऊन अंगावर येतांच ती दचकून तोल सोडते. सेविका तिला सांवरण्यास हात पुढें करते, तों वाश्ती संतापते. माणसानें माणसास शिवण्याची चाल केव्हांच गेलेली असते. आणि सेविका तिला पडूं दिलें नाहीं म्हणून क्षमा मागते! इतकें भेसूर वाक्य मला दुसऱ्या विज्ञानकथेंत आढळलें नाहीं.

फॉर्स्टर यंत्रद्वेष्टा होता, असें मात्र कोणी समजूं नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तो बी. बी. सी. वरून हिंदुस्थानांतील श्रोत्यांसाठीं पुस्तकांवर भाषणें देत असे. आपल्याही त्याच्याशीं थोडा संबंध आहे: १९२१ सालीं देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा तो खाजगी चिटणीस होता.

रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची १९५१ ची 'द पेडेस्ट्रियन' ही कथा याच कुळांतील. घरोघरीं लोक चित्रवाणीपुढें बसलेले. एकटा इसम रात्रीं रस्त्यानें फिरतो, आणि शहरांतील एकुलती एक पोलिसगाडी त्याला मनोरुग्णांच्या संस्थेकडे घेऊन जाते. कथा चटकदार खरी, पण तींत पोलिस आहे. फॉर्स्टरच्या जगांतही वर जाणाऱ्यास शिक्षेची धमकी मिळते, कुनोला मिळाली. इतरांना वर जावेंसेंच वाटत नाहीं.

मग यंत्र बिघडूं लागतें. संगीतांत घरघर येते, स्नानाच्या पाण्यास दुर्गंधी सुटते, कृत्रिम फळांवर बुरशी धरते. लोक प्रथम समितीकडे तक्रार करितात, मग त्या घरघरीसकट संगीत ऐकूं लागतात. अंधुक प्रकाशाचीही संवय होते. शेवटीं यंत्राची अखंड घुमघुम थांबते, आणि जन्मांत कधीं शांतता न ऐकलेलीं हजारों माणसें त्या शांततेनेंच मरतात. यंत्राची दुरुस्ती करणारें जें यंत्र, तेंच आधीं बिघडलेलें असतें, आणि सबंध यंत्र ज्याला कळतें असा एकही मनुष्य उरलेला नसतो.

मायलेंकरें अंधारांत एकमेकांस शोधून काढतात. आतां मध्यें तबकडी नाहीं. पृथ्वीच्या पाठीवर धुक्यांत आणि नेच्यांच्या झुडपांत माणसें अजून जिवंत आहेत, आपण त्यांना पाहिलें आहे, असें मुलगा मरतां मरतां आईला सांगतो.