जोयड्याची बंदूक आणि साहेबाची रायफल

जुन्या इंग्रजी शिकारपुस्तकांत एक प्रकरण हमखास असतं. कोणत्या जनावरासाठी कोणती रायफल घ्यावी? हरणाला ही, गव्याला ती, वाघाला तिसरीच. नळीचा व्यास, गोळीचं वजन, दारूचं माप, सगळं अगदी तोळामाशाच्या हिशेबाने. ही प्रकरणं मी जोयड्याचा नकाशा समोर ठेवून वाचतो. जोयडा म्हणजे आपला अनमोडचा घाट चढून गेलं की लागणारा उत्तर कन्नडचा तालुका, पूर्वीचा सुपा. तिथली भाषा आपली, कुणबी आपले, आणि सोयरीकही घाटाच्या दोन्ही अंगांना. वाचताना दरवेळी एकच प्रश्न पडतो. ही निवड नक्की कोणाची होती?

आधी 'बोअर' म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ बोअर. म्हणजे आकडा लहान तर नळी मोठी! ४ बोअरची गोळी पाव पौंडाची, सुमारे ११३ ग्रॅमची. रायफलचा हिशेब निराळा, तिथे इंच मोजतात. ३१५ म्हणजे इंचाच्या हजार भागांतले ३१५, साधारण ८ मिलिमीटर. रायफलच्या नळीला आतून पेच असतात, त्यामुळे गोळी गरगरत आणि लांबवर सरळ जाते. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. आणि काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज 'कार्तुश'वरून आला, हे गोव्याच्या माणसाने विसरू नये.

आता नकाशा. धारवाडच्या पुढे दक्षिणेला राणीबेन्नूरकडे गेलं की उघडं मैदान लागतं. ते काळविटाचं राज्य. राणीबेन्नूरला १९७४ पासून काळविटांचं अभयारण्यच आहे. आफ्रिकेतले शिकारी ज्यांना 'मैदानी जनावरं' म्हणतात, त्यांचा आपल्याकडचा हा भाऊबंद. उघड्यावर तो माणसाला सहजी जवळ येऊ देत नाही, म्हणून तिथे हलकी, वेगवान, सरळ जाणारी गोळी हवी. पण हळियाळ ओलांडून सुप्याच्या रानात शिरा, सगळं शास्त्र उलटं होतं. बांबूची बेटं, पावसाळी दाट झाडी, पंचवीस-तीस पावलांपलीकडे काही दिसेल तर शपथ. समोर मेरू, रानडुक्कर, नाहीतर गवा. गव्याचा मोठा नर टनाच्या घरात जातो. तिथे वेगापेक्षा गोळीचं वजन महत्त्वाचं. म्हणून ऐपतदार साहेब दोन हत्यारं बाळगी, एक मैदानासाठी आणि एक रानासाठी.

या दुकानदारीची भाषाही मोठी मजेशीर आहे. १८५६ साली लंडनच्या पर्डीने आपल्या वेगवान रायफलींना 'एक्स्प्रेस ट्रेन' असं नाव दिलं आणि त्यातला 'एक्स्प्रेस' हा शब्द सगळ्या धंद्यात रूढ झाला. (सुपा तालुक्यातल्या कॅसल रॉकला खरी आगगाडी पोचली ती मुरगावकडून, १८८८ साली.) पुढे बिनधुराची दारू आली. १८९८ साली रिग्बीने ४५० नायट्रो एक्स्प्रेस काढली. तिची गोळी जेमतेम ३१ ग्रॅमची, पण जुन्या ४ बोअरच्या धुडाचं काम ती करू लागली. खांदाही शाबूत राहू लागला. गव्याच्या शिकाऱ्याला याहून काय हवं?

आणि इथेच सरकार मध्ये आलं. फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफलही ४५०चीच. शिकारीची काडतुसं आणि गोळ्या बंडखोरांच्या हाती गेल्या तर? सरहद्द अशांत होती, बंगाल पेटलेला होता. १९०७ साली हिंदुस्थानात ४५० बोअरवर बंदी आली. फौजेच्या चालू रायफलचा ३०३ बोअरही खासगी हातांना बंद. लंडनचे कारागीर एका रात्रीत ४६५, ४७०, ४७५ असे आकडे घेऊन हजर झाले. गव्याच्या कातडीला या काही हजारांशांच्या फरकाचं काय सोयरसुतक? ४७० नायट्रो एक्स्प्रेसचं नाव आजही शौकीन आदराने घेतात, पण तिचा जन्म पोलिसी कारणाने झालेला आहे. त्याच १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला २७५ रिग्बी भेट मिळाली. ते काडतूस मूळचं जर्मन ७ मिलिमीटर मॉझरचं, ज्याने दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ या काळात इंग्रजांच्या नाकी नऊ आणले होते. नाव इंग्रजी ठेवलं की झालं! आणि घाटाखाली आपल्याकडे पोर्तुगीज फौजेचा आकडा तिसराच. १९०४ पासून त्यांची मॉझर-व्हेर्गेरो, साडेसहा मिलिमीटरची.

हे सगळं साहेबाचं. सुप्याच्या कुणब्यापुढे आकड्यांची अशी यादी कधी आलीच नाही.

१८७८ हे साल मला फार बोलकं वाटतं. त्या एकाच वर्षी दोन कायदे आले, जंगलाचा आणि हत्यारांचा. पहिल्याने राखीव जंगल सरकारचं झालं. दुसऱ्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू केला, युरोपियनांना मात्र नियमांतून सूट. ही उघड वांशिक सूट निघायला १९२० चे नियम यावे लागले. गांधीजींसारख्या अहिंसेच्या माणसानेही इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत हा हत्यारांचा कायदा सर्वांत काळा मानला होता. सुप्यात त्याआधीच कुमरीवर, म्हणजे रान जाळून फिरती शेती करण्यावर, बंधनं आली होती. फिरता कुणबी एका जागी बसला, आणि राखण करायला भात कायमचं रानाच्या तोंडाशी आलं.

मग राखणीला काय? ठासणीची बंदूक. ज्यांनी ती जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तोंडाकडून आधी दारू घालायची, वर चिंध्या नाहीतर काथ्या, मग शिशाचे छर्रे, पुन्हा चिंध्या, आणि लांब गजाने ठासायचं. मागे कानावर केप बसवायची. एक बार उडाला की पुन्हा हा सगळा खटाटोप, तोही रात्री माळ्यावर बसून. भात पिकतं पावसाळ्याच्या शेवटी, तेव्हा हवेत ओल आणि दारू दमट. बार फुसका गेला तर रानडुकरांचा कळप तुमच्या देखत वाफा नांगरून जातो. लागला तरी छर्ऱ्यांनी डुक्कर जखमी होतं, मरत नाही. जखमी होऊन झाळीत शिरलेलं डुक्कर काय करतं ते रानातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गव्याला तर ती बंदूक म्हणजे नुसता आवाज. साहेबाच्या पुस्तकात कमी ताकदीची गोळी वापरणं हा शिकाऱ्याचा अधर्म मानलेला आहे. इथे तोच अधर्म परवान्यावर लिहून मिळे! जोयड्यातल्या एका म्हाताऱ्या कुणब्याला मी विचारलं होतं, तुमच्या वडिलांनी ही बंदूक कशी निवडली? तो हसला. ''जी मेळ्ळी ती.''

स्वातंत्र्यानंतर हे बदलायला हवं होतं. १९५९ चा शस्त्र कायदा वाचून बघा, त्याचं १३ वं कलम. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी कोणती बंदूक, तर ठासणीची. तसं स्पष्ट लिहिलंय! ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची देता येते. रायफलचा तिथे उल्लेखच नाही. शहरी शौकिनासाठी सरकारी कारखान्यांची ३१५ बोअरची रायफल होती, आणि ३१५ चा आकडाही फौजेच्या ३०३ शी जुळू नये म्हणूनच. १२ बोअरची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकी कारखान्याची, बुडावर 'केएफ' अक्षरं असलेली. याच कर्नाटकात कोडगूच्या कोडवांना मात्र १८६१ पासून परवान्यातून सूट आहे, आणि केंद्राने २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढवली. बंदूक हा त्यांच्या घराण्याचा आणि सणाचा भाग आहे हे मान्यच. पण सुप्याच्या कुणब्याचा माळा हा कोणाच्या संस्कृतीचा भाग, हे कोणी विचारलं नाही.

गैरसमज नको. मी शिकारीची वकिली करत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मैदानी काय आणि रानटी काय, शिकारीला लगाम घातला आणि ते योग्यच झालं. आज जोयड्यात गवे दिसतात, काळा बिबळ्या दिसतो, ते त्यामुळेच. दांडेलीचं अभयारण्य १९५६ चं, अणशीचं राष्ट्रीय उद्यान १९८७ चं. २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्याचं नाव काळी. त्याच काळी नदीवरच्या धरणात जुनं सुपा गाव बुडालं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं.

पण त्याच वन्यजीव कायद्याचं ३४ वं कलम सांगतं, की अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानेधारकाने आपलं नाव वनखात्याकडे नोंदवायचं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय द्यायचा नाही. जोयड्याच्या नकाशावर हा पट्टा आखून बघा, बरीचशी गावं आत येतात. आजोबाच्या नावावरची बंदूक नातवाच्या नावावर करायची तर दोन खात्यांच्या पायऱ्या. मधेच निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा, आणि डुकरांना आचारसंहिता नसते. मग माळ्यावर उरतो तो पत्र्याचा डबा, शेकोटी आणि फटाके.