सांडलेल्या उजेडाचा हिशेब

जव्हारच्या हनुमान पॉइंटवरून दरीचा फोटो काढताना हात हलला, की झाडे आणि कडे एकमेकांत मिसळून जातात. फोटो वाया गेला, असे आपण म्हणतो. गणिताला तसे वाटत नाही. प्रत्येक बिंदूचा उजेड हाताच्या हालचालीप्रमाणे शेजारी सांडलेला असतो. तो कसा सांडला हे कळले, तर बराचसा जागेवर आणता येतो.

ही विद्या वाढली ती बरीचशी आकाश पाहणाऱ्यांच्या गरजेतून. तिचा एक धागा आपल्या भागाजवळून जातो. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. त्याआधी जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्यात, कल्याणला, १९६५ साली डॉ. गोविंद स्वरूप यांनी ३२ लहान तबकड्या जोडून सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपल्या. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली जुन्नर तालुक्यात खोडदला ३० तबकड्यांची महादुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभी राहिली. यातील प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची आहे.

या तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरल्या आहेत. मधल्या मोकळ्या जागांमुळे चित्रात प्रत्येक तेजस्वी बिंदूभोवती खोट्या रेषा आणि वलये उमटतात. शास्त्रज्ञ त्याला चक्क ‘मळके चित्र’ म्हणतात. ते धुण्याची ‘क्लीन’ ही रीत स्वीडनचे यान हॉगबोम यांनी १९७४ साली मांडली. सर्वांत तेजस्वी बिंदू शोधायचा, त्याचा व त्याच्या वलयांचा थोडा हिस्सा वजा करायचा, आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे. शेवटी वजा केलेले बिंदू स्वच्छ रूपात परत मांडायचे.

हबल दुर्बिणीची कथाही अशीच. १९९० साली ती अवकाशात गेली आणि तिचा आरसा किंचित चुकीचा घासल्याचे उघड झाले. रिचर्डसन आणि ल्यूसी यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या गणिताने तिची चित्रे सावरली. पण अंधुक ताऱ्यांचा उजेड खरखरीत बुडाला होता. तो गणितालाही सापडेना. अखेर डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीरांनाच दुरुस्तीला जावे लागले.

आज मोखाड्यातल्या एखाद्या घरी आजोबांचा एकुलता एक पुसट फोटो असेल, तर मोबाइल क्षणात त्यांचे डोळे रेखीव करून देतो. ते डोळे हजारो परक्या चेहऱ्यांवरून बेतलेले असू शकतात. सांडलेला उजेड गोळा करणे वेगळे आणि नसलेला ओतणे वेगळे. म्हणून नवा फोटो जरूर भिंतीवर लावा. पण जुना पुसट फोटो फेकू नका. आजोबांची खरी साक्ष त्यातच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)